डेडलिफ्टवीर

आता तालुक्याच्या गावीही एसटी स्टँडसमोरच्या कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर जिम असते, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास तिथे डेडलिफ्टवीर हमखास सापडतो. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, टी-शर्टच्या बाह्या कात्रीने उडवलेल्या, कमरेला चार बोटं रुंद चामडी पट्टा. हा पट्टा जिना चढतानाच आवळलेला असतो आणि पाणी प्यायला गेला तरी सैल होत नाही. पट्टा कंबर सांभाळतो, अशी वीराची श्रद्धा. वास्तविक श्वास भरून पोट चहूबाजूंनी पट्ट्यावर दाबायचं असतं. त्या दाबाने कणा स्थिर राहतो. म्हणजे कष्ट पोटाचे, पट्टा नुसता टेकायला. पण वीराचं पोट कायम आत ओढलेलं. समोर आरसा असतो ना!

वॉर्मअप म्हणजे त्याच्या लेखी कानातले इयरफोन फोनला जोडणं.

डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून उचलायचा, नुसता बार वीस किलोचा असतो. तो रिकामा उचलणं वीराला कमीपणाचं वाटतं. शेजारी कॉलेजची पोरं उभी असतात. म्हणून दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या दोन-दोन प्लेट्स चढतात आणि शंभर भरतात. शंभर या आकड्यावर त्याचा फार जीव. नव्वद उचलले असं कोणाला सांगणार?

स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. गल्लीतल्या जिममधल्या लोखंडी प्लेट्स बहुधा लहान. बार तेवढा खाली जातो आणि वीराला तेवढं जास्त वाकावं लागतं. खाली दोन प्लेट्स आडव्या टाकून बार वर घेतला तर प्रश्न मिटतो. पण ती सोय म्हाताऱ्यांसाठी, असा त्याचा ग्रह. बार नडगीला घासत वर यायला हवा. वीराची नडगी नुकतीच वॅक्स केलेली असल्यामुळे तो बार वीतभर लांब ठेवतो, आणि त्या वीतभर अंतराची किंमत कंबर मोजते. आधी कुल्ले वर जातात, मग पाठीची कमान होते, मग तोंडातून असा आवाज निघतो की खालच्या मजल्यावरचा झेरॉक्सवाला वर बघतो. ट्रेनर सर फोनमधून मान न काढता ओरडतात, “चल भाई, एक और!” खरं तर फॉर्म मोडला की सेट संपला, हा साधा नियम. पण ‘एक और’ला नाही म्हणणारा वीर कसला?

जुन्या तालमीत हा प्रकार चालत नसे. नव्या पोराला वस्ताद आधी हौदातली माती उकरायला लावायचा, मग जोर-बैठका; कुस्तीचा नंबर पुष्कळ नंतर. पण त्या पोराला महिन्याची फी भरल्याचा माज नव्हता.

आणि कंबर धरते ती जिममध्ये नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, बाथरूममध्ये, साबण उचलताना. रात्रभर झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणून उठल्यावरचा तासभर खोल वाकणं टाळावं, असं जाणकार सांगतात. शंभर किलोचा वीर पाऊणशे ग्रॅमच्या साबणापाशी अडकतो आणि आतून हाक मारतो, “आई!” बायको लग्नापासून त्याच घरात असते, पण अशा वेळी हाक आईलाच जाते.

पुढे घराचा दवाखाना होतो. कोणी विटेचा शेक सुचवतं, कोणी निर्गुडीचा पाला. तिसऱ्या मजल्यावरचे काका पायाळू असल्याचं अचानक सगळ्यांना आठवतं आणि उसण काढण्यासाठी त्यांना लाथ मारायला सन्मानाने बोलावलं जातं. काकाही सोसायटीच्या मीटिंगमधला जुना हिशोब चुकता करून जातात.

मग एमआरआय. रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ हे दोन शब्द दिसतात आणि वीर मृत्युपत्राच्या गोष्टी करू लागतो. 2015 साली 33 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांतही विशीतल्या सुमारे 30 टक्क्यांना असा फुगवटा आढळतो आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढत जातं, असं त्यात दिसलं. डॉक्टर हे सांगतात. पायातला जोर गेलाय का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय का, हेही विचारतात. यातलं काही असतं तर थेट हॉस्पिटल गाठावं लागलं असतं. तसं काही नसतं. वीर किंचित हिरमुसतो.

अंथरुणात तो मात्र रेकॉर्ड करायला निघतो: महिनाभर हलायचंच नाही! 1986 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं होतं. दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या रजा 45 टक्क्यांनी कमी पडल्या, आणि बाकी बाबतींत सात दिवसवाल्यांना जास्तीचं काही मिळालं नाही. फिजिओथेरपिस्ट बाई त्याला तिसऱ्या दिवशी उठवून चालायला लावतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी आयुष्यभर कण्याचाच अभ्यास केला. त्यांचे तीन व्यायाम बाई शिकवतात. एकात पाठीवर झोपून डोकं-खांदे जेमतेम उचलायचे, एकात कुशीवर कोपराच्या आधाराने अंग तोलायचं, एकात रांगत्या मुलासारखं राहून उजवा हात आणि डावा पाय ताठ करायचा. वीर विचारतो, “यात जास्तीत जास्त किती होतात, मॅडम?”

“दहा सेकंद धरायचं आणि सोडायचं,” बाई म्हणतात. “बक्षीस नाहीये.”

मग त्या पाठीवर एक काठी उभी धरायला देतात. डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेली ठेवून कमरेतून नव्हे, खुब्यातून वाकायचं. एक टेकलं की दुसरं सुटतं. वीराला घाम फुटतो, आणि काठीचं वजन तर कोणाला सांगण्यासारखंही नसतं. बाई वेटलिफ्टर मीराबाई चानूचा दाखला देतात. 2017 ची ही जगज्जेती 2018 साली कमरेच्याच दुखण्याने जकार्ताच्या एशियाडला मुकली. सावकाश परतली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये एकूण 202 किलो उचलून रौप्य घेऊन आली. वीर यातले फक्त 202 लक्षात ठेवतो.

तरी काही महिन्यांनी तो खरोखर रिकाम्या बारपासून सुरुवात करतो, आठवड्याला थोडं थोडं वाढवतो, पाठ सरळ ठेवतो. आता दुखणं इतरांना होतं, कारण वीर उपदेशक झालेला असतो. सिलिंडर खांद्यावर घेणाऱ्या पोराला तो जिन्यात थांबवून खुबा म्हणजे काय ते समजावतो. पोऱ्या रोज पन्नासेक सिलिंडर चढवतो. “हो साहेब, ओटीपी सांगा,” म्हणतो.

दिवाळीच्या आधी आई माळ्यावरची पितळी परात काढायला सांगते. वीर सगळ्यांना बाजूला सारतो, पावलं खांद्याइतकी फाकवतो, बेंबीपर्यंत श्वास भरतो, पोट घट्ट करतो, श्वास सोडतो, पावलं पुन्हा जुळवतो. तेवढ्यात बायको स्टुलावर चढून परात खाली घेते आणि त्याच्या हातात देते, घासायला.