दुपारी बरा दिसणारा माणूस

आमवाताला वेळेचं भान फार. पहाटे माझ्याआधी तो उठतो. बोटं सुजलेली असतात, मूठ मिटत नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत दाबून धरावा लागतो आणि सदऱ्याची गुंडी बायको लावून देते. अख्ख्या गावाच्या सदऱ्यांना काजं-गुंड्या करून दिलेल्या शिंप्याची गुंडी त्याची बायको लावतेय, हा देखावा शेजारच्या म्हातारीला इतका आवडतो, की ती त्या वेळेला मुद्दाम ओट्यावर येऊन बसते. दहा-अकराच्या सुमारास सांधे सैल व्हायला लागतात. बाराला मी माणसात येतो. आणि साहेब, डॉक्टर, समिती, सगळ्यांची माझी गाठ पडते ती नेमकी बाराच्या पुढे.

परभणीजवळच्या पोखर्णीत माझं शिलाईचं दुकान आहे. आहे म्हणजे शटर आहे, मशीन आहे, भिंतीवर कात्री आहे. एक पँट शिवली की दुसऱ्या दिवशी मनगट संपावर जातं. लग्नसराईत टाकलेले कपडे लोक बारशाला न्यायला येतात. तेव्हा कुणीतरी सुचवलं, "टेलर, निराधारची पगार का लावून घेत नाही?"

संजय गांधी निराधार अनुदान योजनेला आमच्याकडे 'निराधारची पगार' म्हणतात. अंतुले मुख्यमंत्री असताना, 1980 साली ती सुरू झाली. जन्मात कधी पगार न घेतलेल्या माणसाला या वयात पगार सुरू होणार, याने मी इतका हुरळलो, की अर्ज घ्यायला जाताना इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेलो. स्वतः शिवलेला. कॉलर अशी, की बघणाऱ्याने पत्ता विचारावा.

खिडकीतल्या पोराने आधी कॉलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मामा, निराधार कोण आहे?"

"मीच."

"असं का वो? वाटत तं नाही."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

योजनेत क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग असे दुर्धर आजार नावानिशी दिलेले आहेत. त्यामुळे ज्याला पोट भरता येत नाही, त्याला अनुदान. आमवाताचं नाव तिथं नाही. 'यासारख्या' म्हणून जी जागा सोडली आहे, तिच्यात अंग चोरून बसायचं. आमच्या गावच्या देवाचीच, नृसिंहाची, गोष्ट आठवली. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, जनावराकडून नाही, एवढ्या अटी हिरण्यकशिपूने घालून घेतल्या होत्या. नृसिंहाने संध्याकाळची वेळ गाठली, उंबरठ्यावर बसला आणि काम उरकलं. मी धड धडधाकट नाही, धड अपंग नाही. उंबरठा मलाही सापडला होता. फक्त तिथं बारा वाजता बोलावतात.

एका जाणत्याने सल्ला दिला, "कशाला आजाराच्या भानगडीत पडता? पासष्ट भरू द्या. श्रावणबाळमध्ये घाला अर्ज. त्याला आजार लागत नाही, नुसतं म्हातारं व्हावं लागतं." पण पासष्टला अजून अवकाश होता आणि मशीनचं तेल उधारीवर चाललं होतं.

मग उत्पन्नाचा दाखला. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत पाहिजे. महिन्याला 1750, दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. तलाठी साहेबांनी विचारलं, "एवढ्यात भागवता कसं?" म्हटलं, "भागत नाही म्हणून तर आलो." यावर ते हसले. मीही हसलो. आमचं जमलं.

रिकाम्या दुकानात बसून मी या 21 हजारांवर बराच हिशेब केला. रोजगार हमी आपल्या महाराष्ट्राची. 1972च्या दुष्काळात आमच्या आधीच्या पिढीने खडी फोडली, 1977ला कायदा झाला, पुढे देशाने तो उचलला. 2024-25 साली या कामाचा महाराष्ट्रातला रोज होता 297 रुपये. हमी तेव्हा शंभर दिवसांची. म्हणजे घरातल्या एकाने जरी सरकारने हमी दिलेलं काम पुरतं केलं, तर 29 हजार 700 झाले आणि त्याच सरकारच्या लेखी घराला आधार आला! गरिबाने हमीवर जावं, पण सत्तर दिवसांनंतर घमेलं खाली ठेवावं. हा हिशेब मी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितला. ती म्हणाली, "एवढं डोकं गिऱ्हाइकांच्या मापात घातलं असतं तर?"

वैद्यकीय दाखल्यासाठी मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्याने भले.

"मूठ मिटा बघू."

आता घरी मी साधी बाटली उघडायला म्हटलं तरी कण्हतो. पण परक्या माणसाने मूठ मिटायला सांगितली आणि कुठून बळ आलं कोण जाणे, मी ती अशी आवळली की नखं तळव्यात रुतली.

"दुखतं का?"

"थोडं थोडं."

दाराबाहेरून आवाज आला, "थोडं? मग रात्री इव्हळत कोण होतं वो?"

डॉक्टरांनी तिला आत बोलावून घेतलं आणि त्यापुढची सगळी तपासणी तिचीच झाली. सकाळी काय होतं, कुठला गुडघा, कोणता खांदा, ती सांगत गेली, ते लिहीत गेले. मी मध्ये एकदा "पण दुपारून बरं असतं" असं म्हणालो, तेव्हा दोघांनीही माझ्याकडे सारखंच पाहिलं. दाखला मिळाला तो तिच्या तोंडावर.

अर्ज आता मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जायचा होता. पण 2024 साल निवडणुकांचं. एप्रिलच्या 26 तारखेला परभणीत लोकसभेचं मतदान, नोव्हेंबरच्या 20 तारखेला विधानसभेचं. विचारायला जावं तर आचारसंहिता. आमवाताला मात्र कसली संहिता लागू नव्हती.

मधल्या काळात आली लाडकी बहीण योजना. बायकोने फॉर्म भरला आणि राखीपौर्णिमेच्या सुमारास दोन महिन्यांचे मिळून तीन हजार तिच्या खात्यात. महिन्याला 1500, माझ्या होऊ घातलेल्या पगारीएवढेच. उत्पन्नाची अट मात्र अडीच लाखांच्या आत. धडधाकट बहिणीला अडीच लाखांपर्यंत मुभा, अंथरुणातल्या भावाला 21 हजारांपर्यंत. तिच्या पैशांतून माझ्या गोळ्या आल्या. मी घरात म्हटलं, "आता मला आधार आहे, अर्ज मागे घ्यावा का?" उत्तर छापण्याजोगं नाही.

शेवटी मंजुरी आली. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. काढायला गेलो तर यंत्रावर अंगठा उठेना. निम्म्या रेषा सुईने टोचून टोचून पुसलेल्या, उरलेल्या सुजेने पसरलेल्या. बँकेतला पोरगा म्हणाला, "मामा, अंगठा पुसून घ्या." पुसला. "दुसरं बोट लावा." लावलं. दहाही बोटांची हजेरी झाली, एकही माझं निघालं नाही. आजार खरा आहे याचा इतका पक्का पुरावा मला दवाखान्यातही मिळाला नव्हता. पण तो दाखवायचा कुणाला? समितीचं काम झालं होतं.

आता दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा. जिवंत असल्याचं दाखवायला मात्र मी बाराच्या पुढेच जातो. सकाळी गेलो तर शंका घेतील. ऑक्टोबर 2025पासून दिव्यांगांची रक्कम अडीच हजार झाली. मी आजारवाला, त्यामुळे 1500वरच. अनुदान 600चं 1000 झालं, 1000चं 1500 झालं, रोजगार हमीचा दर तर वर्षाला बदलतो. 21 हजारांचा आकडा तेवढा जागचा हलत नाही.

तो हलेपर्यंत पोखर्णीच्या आणि आसपासच्या गिऱ्हाइकांना हात जोडून एकच विनंती आहे. कपडे उशिरा मिळतील, मिळतील ते दुपारनंतर मिळतील, आणि कृपा करून शिलाईची पावती मागू नका. उत्पन्न वाढतं.