विसाव्याला विसावा नाही

4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, आमच्या शेठनी सगळ्यांना शपथ दिली, पेढे वाटले, फोटो काढले. हेल्मेटं शेजारच्या शेडमधून उसनी आणली होती. फोटो झाल्याबरोबर परत गेली.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडावा, हात डायखाली राहू नये, म्हणून. आमच्याकडे डावं बटण चिकटपट्टीने कायमचं दाबलेलं. तेवढाच एक हात पत्रा सरकवायला मोकळा. उत्पादन वाढतं. बोटं कमी होतात, पण ती स्टॉकमध्ये धरत नाहीत.

सेन्सर बसवा म्हटलं, तर शेठ दाराकडे बोट दाखवतात (त्यांची दहाही शाबूत आहेत): “लिंबू-मिरची दर शनिवारी बदलतो की!”

कायदाही समजूतदार. विजेवर चालणाऱ्या शेडला ‘कारखाना’ म्हणवून घ्यायला 1948च्या कायद्यात 10 कामगार लागत. 2020च्या संहितेत 20. आमच्या हजेरीपटावर 19 नावं आहेत. विसावा रोज आठ ते आठ ‘पाहुणा’ म्हणून येतो. त्याला मात्र विसावा नाही.