नवशिक्या सिस्टरसाठी काही सूचना

घाटनांदूरहून अंबाजोगाईला ड्यूटीला निघताना पांढरे बूट पिशवीत ठेवा, पायात चप्पल असू द्या. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. जागा अर्धी मिळाली तरी नशीब समजा. तिथलं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय हे आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं, हे पाहुण्यांपुरतं पाठ करा.

रुग्णालय कुठलंही असो, तुमची खरी गाठ वॉर्डातल्या मावशींशी. धुतलेल्या चादरी कुठल्या कपाटात आहेत हे पुस्तकात नसतं, मावशींना माहीत असतं.

नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. मग लगेच मनगट सोडू नका. नाडीच बघतोय असं भासवून श्वास मोजा. ‘आजोबा, श्वास मोजते हं’ म्हणालात, की आजोबा प्राणायाम सुरू करतात आणि चार्टचा बट्ट्याबोळ होतो.

पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण येतील. साप कोणता होता असं विचारलं, की एखादा नातेवाईक बरणीच पुढे करतो. झाकण उघडायची हौस बाळगू नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, आणि ते किती नि कधी द्यायचं हे डॉक्टर रुग्णाची लक्षणं बघून ठरवतात.

नर्सिंग परिषदेच्या निकषांत शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका धरलेली आहे. हा आकडा वॉर्डात मोठ्याने उच्चारू नका. तुम्ही दारात दिसताच सगळ्यांचे चेहरे का खुलले, ते दुपारपर्यंत कळेल. पहिली सलाईन लावताना शिकवणाऱ्या मॅडम शेजारी उभ्या राहिल्या, हात थरथरला तेव्हा हळूच ‘शीर पुन्हा चाचपून बघ’ म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही शिकलात. बाकीचे दिवस कामाला होतात. लॉगबुकात दोन्ही सारखेच दिसतात, सहीसुद्धा तीच असते.

पोस्टिंग संपलं की समाधानाचा फॉर्म येतो. तो गुप्त असतो, फक्त वर रोल नंबर लिहायचा असतो. मॅडम टेबलापाशीच थांबल्या असतील तर फार विचार न करता ‘अत्यंत समाधानी’वर खूण करा. तळाशी ‘सूचना’ म्हणून दीड ओळ मोकळी असते. नाईटच्या मुलींना कपडे बदलायला आतून कडी असलेली खोली हवी, एवढं त्यात मावतं. तेवढं लिहाच.