‘बजेट लॅपटॉप’ सुचवणाऱ्या तज्ज्ञांस खुले पत्र

माननीय तज्ज्ञ महोदय,


अक्कलकोटात वटवृक्ष मंदिराच्या वाटेवर आमचं हार-नारळाचं दुकान. थोरल्या लेकीला सोलापूरला कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. पस्तीस हजार बाजूला काढले आणि गुरुवारची गर्दी ओसरल्यावर आपला ‘कमी बजेटमधले पाच लॅपटॉप’ हा व्हिडिओ लावला. पहिलाच ७२ हजारांचा निघाला. बजेट केंद्र सरकारचं असणार, एवढं आमच्या ध्यानात आलं.

ग्राफिक्स कार्डाशिवाय प्रोग्रामिंग म्हणजे पाप, असं आपण बजावलंत. लेकीला यंदा सी आणि पायथॉन शिकायचंय, त्यात राक्षस मारायचा धडा नाही. पुढे मशीन लर्निंग आलंच, तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच, मर्यादित का होईना, जीपीयू फुकट मिळतो म्हणे. ती कोड लिहिते त्या व्हीएस कोडचे कर्ते १ जीबी रॅमवर समाधानी आहेत. आपण मात्र ३२ जीबीच्या खाली उतरायला तयार नाही. बारशाला बुलेट आहेर करणारे पाहुणे आम्हाला प्रथमच भेटले.

आठ जीबी अपुरे पडतात, हे मात्र कबूल. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायचा तर १६ जीबी लागतात, असं गूगलच सांगतं. म्हणून रॅम नंतर वाढवता येईल का, हे आम्हाला कळायला हवं होतं. आपण त्या ७२ हजारांच्या लॅपटॉपच्या पातळपणावर इतका वेळ खर्च केलात, की रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे हे सांगायचं राहून गेलं. असो. पातळपणा दिसतो, सोल्डर दिसत नाही.

आय सेव्हनच्या स्टिकरचीही आपण ओवाळणी केलीत. सातव्या पिढीतल्या आय सेव्हन ७५००यूला कोर दोनच, आणि पुढच्याच पिढीतल्या आय फाइव्ह ८२५०यूला चार! शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे धरते ती इंटेलच्या आठव्या पिढीपासून. अगदी थोडे अपवाद सोडले तर त्याआधीच्यांना दारातूनच परत पाठवते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तरीही ‘साहेब, आय सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या’ असं म्हणणारे जुन्या लॅपटॉपचे विक्रेते आहेतच. डोळे झाकल्याशिवाय तो खपणार तरी कसा?

स्क्रीनच्या रंगांची आपण फारच काळजी वाहता. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, वर पत्रा, त्यात वीज गेली की पंखाही बंद. अशा दुपारी बॅटरी किती टिकते आणि यंत्र किती तापतं, हे आपल्या एसी खोलीत कसं कळावं?

शेवटी लेकीनेच निवड केली. कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेला आठव्या पिढीचा आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. घेण्याआधी तिने बॅटरी तपासली, कळफलकाची एकेक कळ दाबून पाहिली, मग त्यावर लिनक्स चढवलं. कोपरे घासलेले आहेत, वजनही चांगलं भरतं. पैसे उरले ते नव्या बॅटरीसाठी ठेवलेत. आपल्या यादीत असा लॅपटॉप नव्हता. साहजिकच आहे, त्याला कॅमेऱ्यासमोर फोडायला सीलबंद खोका कुठला?

एकच विनंती. पुढल्या व्हिडिओत किंमत पहिल्याच वाक्यात सांगा, आमचा दिवसाचा डेटा दीडच जीबी असतो.

आपला नम्र,
एक हार-नारळवाला, अक्कलकोट