मामांच्या रुसव्याची तारीख

आमच्या भिवंडीच्या आगरी घरांत लग्नाचा मुहूर्त भटजी काढतात आणि हळदीची तारीख डीजेवाला देतो. यंदा तिसरं पंचांग आलं: ठाण्याच्या त्वचेच्या डॉक्टरांचं.

धाकट्या बहिणीची हळद डिसेंबरात. डॉक्टरांनी तिथून उलटी मोजणी केली. फिलर महिनाभर आधी, म्हणजे सूज आणि निळे डाग ओसरतात. कपाळाचं नि मानेचं बोटॉक्स तीन आठवडे आधी. ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागू पडतं, पुरतं मुरायला पंधरवडा जातो आणि दुरुस्तीला आठवडा हाताशी राहतो.

बहीण म्हणाली, "मला माझाच चेहरा बरा." आगाऊ पैसे तर भरलेले. मामा म्हणाले, "मंग मी बसतो."

मामांच्या भाताच्या खाचरांवर आता गोदामं आहेत. त्यामुळे प्रश्न गोदामवाल्याचाच: "किती दिस टिकंल?"

"तीन-चार महिने."

"अकरा महिन्यांचा पण करार नाय?"

डॉक्टरांनी इतिहास सांगितला. भुवयांमधल्या आठीसाठी बोटॉक्सला अमेरिकेत 2002 साली मान्यता मिळाली, मानेच्या उभ्या पट्ट्यांसाठी 2024 साली. मामा चकित. "वीतभर उतरायला बावीस वर्षं? आपला रस्त्याचा ठेकेदार बरा!"

सुया टोचून झाल्यावर पथ्य मिळालं: चार तास आडवं व्हायचं नाही, चेहरा चोळायचा नाही. ठाण्याहून भिवंडीला निघालेल्या माणसाला पहिलं पथ्य वेगळं सांगावं लागत नाही. कशेळीचा पूल आणि अंजूरफाटा ते पाळून घेतात.

हळदीच्या रात्री मामांचं कपाळ नव्या पत्र्यासारखं गुळगुळीत. तेवढ्यात बाबांनी माइकवरून टॉवेल-टोपीच्या मानकऱ्यांची नावं वाचली आणि नेमकं मामांचं राहिलं. मामा रुसले. पण कळणार कसं? ज्या आठीची त्यांनी चाळीस वर्षं मशागत केली, जिच्या नुसत्या हालचालीवर तीन लग्नांत पंगती थांबल्या, ती जागची हलेना. मामी म्हणाल्या, "आज किती शांत बसलेत, बाय!" बाबांनी तर हात जोडून आभार मानले.

कपाळावरची आठी म्हणजे आपला बिनशुल्क तक्रार अर्ज. खड्डा असो, गेलेली वीज असो की चुकलेला मान, पहिली नोंद तिथेच होते. मामांनी पैसे मोजून आपलं तक्रार निवारण केंद्रच बंद करून घेतलं होतं.

शेवटी डीजे थांबवून माइकवरून जाहीर करावं लागलं: "मुलीचे मामा रुसलेले आहेत. कृपया नोंद घ्यावी." मंडपात हशा पिकला. लोकांना वाटलं, मामाच गंमत करताहेत. चेहरा तर किती प्रसन्न!

मामांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. उतारा मागितला. डॉक्टर म्हणाले, "फिलर विरघळवायची सुई असते. बोटॉक्स आपोआप उतरेपर्यंत थांबावं लागतं."

मामा थांबले आहेत. टॉवेल-टोपी दुसऱ्याच दिवशी घरी पोहोचली, ती त्यांनी न उघडता कपाटात ठेवली आहे. हिशेबाने गुढीपाडव्याच्या सुमाराला आठी परत येते. त्या दिवशी सगळ्यांनी घरीच थांबावं, असा निरोप आहे. मामा रीतसर रुसणार आहेत.