एका टिंबाची किंमत

26 फेब्रुवारी 2024. एक्सझेड नावाच्या लायब्ररीच्या बिल्ड-फाइलमध्ये एक टिंब शिरलं. साधा पूर्णविराम, एका ओळीवर एकटाच. पॅच वाचताना नजर सहज घसरून जावी इतका बारीक.

त्या टिंबाने काय केलं ते नीट समजून घ्या. सीमधला प्रोग्रॅम दहा तऱ्हेच्या मशिनांवर चालवायचा, तर कुठल्या मशिनवर कुठली सोय आहे ते आधी चाचपावं लागतं. त्याची रीत जुनी आहे आणि भाबडीही. चार ओळींचा नमुना कंपायलरपुढे टाकायचा. कंपाइल झाला तर सोय आहे, नाही झाला तर नाही. का नाही झाला, हे कुणी विचारत नाही. इथे चाचपणी होती लँडलॉकची. प्रोग्रॅमला नेमून दिलेल्या फायलींपलीकडे हात घालू न देणारं हे लिनक्समधलं कुंपण. नमुन्यात टिंब पडलं, सीच्या व्याकरणात ते बसेना, आणि सीमेकने बिल्ड करणाऱ्याला निमूट उत्तर मिळालं: कुंपणाची सोय नाही. ना एरर, ना वॉर्निंग.

हे टिंब टाकलं ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्याने, आणि त्याचं मोठं काम वेगळंच होतं. एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला होता. माल दडवला होता चाचणीच्या फायलींत. काँप्रेशनच्या लायब्ररीत मुद्दाम बिघडवलेल्या नमुना-फायली असतातच. त्या उघडून कोण बघतो? तो माल बाहेर काढणारी स्क्रिप्ट तर रिपॉझिटरीत नव्हतीच, फक्त वाटायच्या टारबॉलमध्ये होती.

पण मला राग येतो तो या हुशारीचा नाही. राग येतो त्याआधीच्या दोन वर्षांचा.

फिनलंडचा लासे कॉलिन ही लायब्ररी वर्षानुवर्षं एकटा सांभाळत होता, बिनपगारी. 2022 मध्ये त्याच्यामागे तगादा लागला: पॅच का पडून आहेत, रिलीज का होत नाही, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती दे. त्याने मोकळेपणाने सांगितलं की मनाचं दुखणं बरेच दिवसांचं आहे, आणि हा बिनपैशांचा छंद आहे हेही ध्यानात ठेवा. यावर जगातल्या एका तरी कंपनीने, जिचे सर्व्हर या लायब्ररीवर चालत होते, म्हणायला हवं होतं: आमचा एक माणूस आठवड्याला एक दिवस तुझ्यासोबत बसेल. मदतीला आला तो जिया टॅन. पॅच नीटनेटके, बोलणं नम्र. थकलेल्या माणसाने आणखी काय करायचं होतं? तगादा लावणारी ती नावंही त्याच डावातली असावीत, असं पुढे जाणकारांना वाटलं. डाव चालला, कारण असा तगादा आपल्याला नेहमीचा वाटतो.

चोरदरवाजा पकडला तो अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेव्हलपरने. त्या चोरदरवाजापायी एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता, हे त्याला खुपलं. तो खोदत गेला आणि 29 मार्चला त्याने जगाला सांगितलं. अर्धा सेकंद! तेवढ्यावर आपण वाचलो.

2014 चा हार्टब्लीडही आठवा. ओपनएसएसएलमध्ये समोरच्याने सांगितलेली लांबी खरी की खोटी हे न तपासता मेमरीतला 64 किलोबाइटपर्यंतचा तुकडा परत जात होता. दोन वर्षं ती चूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. सगळ्या जगाची कुलपं सांभाळणाऱ्या त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर.

आपल्याकडे अशा कामाला ‘लष्कराच्या भाकऱ्या’ म्हणतात. मला हा शब्द या लोकांसाठी वापरवत नाही, कारण भाकरी आपल्याच ताटात आहे. ‘कि’ टाइप करताना आधी क देता, मग वेलांटी; पडद्यावर मात्र वेलांटी पुढे येऊन बसते. अँड्रॉइडवर ही अदलाबदल हार्फबझ करते, आणि अक्षराचं वळण काढते सीमध्ये लिहिलेली फ्रीटाइप. आईला मराठीत पाठवलेला प्रत्येक निरोप या हातांखालून जातो.

म्हणून पुण्या-मुंबईत सी लिहिणाऱ्या माझ्या भावाबहिणींना थेट सांगतो. पैसे द्या, पण तेवढ्याने भागणार नाही. वाचणारे डोळे कमी आहेत. आपण वापरतो त्यातली एकच लायब्ररी धरा. आलेला बग आपल्या मशिनवर होतो का ते करून बघा, टेस्ट चालवा, दुसऱ्याचा पॅच ओळ न् ओळ वाचा. आणि मॅनेजरांनो, हे काम शनिवार-रविवारवर ढकलू नका, कामाच्या तासांत धरा. लायब्ररी तुमच्या प्रॉडक्टमध्ये आहे, मग तिची देखरेख तुमच्या टाइमशीटवर का नाही?

30 मार्चला कॉलिनने ते टिंब काढलं. मग बाकीचे बदल तपासायला बसला. 29 मे 2024 ला 5.6.2 आली, चोरदरवाजा उपटून काढलेली. ती काढणाराही तोच होता, लासे कॉलिन.