जोंगाकाका आणि वजनाचा प्रश्न

जबलपूरच्या सराफ्यात वजन रत्तीत बोलतात. आठ रत्तींचा मासा, बारा माशांचा तोळा. पंख्याच्या वाऱ्यानं पारडं हलू नये म्हणून तराजू काचेच्या पेटीत. त्याच सराफ्याला लागून असलेल्या कमानिया गेटपाशी रविवारी संध्याकाळी लोखंडाचं एक हिरवं धूड येऊन अडकतं आणि मागे ई-रिक्षांचे हॉर्न सुरू होतात. जोंगाकाका खव्याची जिलबी घ्यायला आलेले असतात.

त्यांना घाई नसते. कुणी फारच कावलं, तर ते गेटकडे बोट दाखवून इतिहास काढतात. हे गेट त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीचं, मार्च १९३९ मधल्या. पट्टाभी सीतारामय्यांना हरवून सुभाषबाबू अध्यक्ष झालेले, आणि अधिवेशनाच्या मिरवणुकीत बावन्न हत्ती. "बावन्न हत्ती चालले तुम्हाला, आणि माझी एक जोंगा खुपते?" सुभाषबाबू त्या वेळी तापानं फणफणले होते, त्यांना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं होतं. यावर काका खरोखर हळहळतात. "तेव्हा जोंगा असती, तर..."

जोंगाकाका जबलपुरात एकच आहेत असं समजू नका. राइट टाउन, नेपियर टाउन, रांझी, कुठल्याही बाजूला जा. एखाद्या बंगलीच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं दिसलं आणि शेजारी बनियनवर एक गृहस्थ स्पॅनर घेऊन विचारात उभे दिसले, की ओळखावं. या गावाला जोंगाचं वेड लागण्याला कारणही आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, मग खमरिया, मग १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी. निसानच्या पॅट्रोल गाडीवरून परवान्यानं बनलेली जोंगा इथलीच लेक. तिच्या नावातला 'ज' सुद्धा जबलपूरचा. सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. लष्करानं ती डोंगरदऱ्यांत वर्षानुवर्षं पळवली आणि १९९९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मग लिलावातून निघालेल्या गाड्या हौशी लोकांच्या दारात आल्या. २०१९ मध्ये धोनीनं एक जोंगा घेतल्याची बातमी आली, तेव्हा काकांनी पेपर अख्ख्या गल्लीत फिरवला होता. "आम्ही आधी घेतली," एवढंच त्यांचं म्हणणं.

काकांची नोकरी फॅक्टरीतच झाली, पण जोंगाच्या नटाला त्यांनी तिथं कधी हात लावला नाही. ते स्टोअरमध्ये होते, आवक रजिस्टरवर. जावक रजिस्टर दुसऱ्याकडे होतं. पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं, असं माझं मत आहे.

पहिल्यांदा आला पुढचा पोलादी बंपर. नुसता बंपर उघडाबोडका दिसतो म्हणून त्यावर विंच, म्हणजे रुतलेली गाडी झाडाला दोर बांधून ओढून काढायचं यंत्र. पोलादी दोरासकट विंच चाळीसेक किलोंच्या घरात जाते, आणि ती टांगलेली असते पुढच्या चाकांच्याही पुढे. तरफेचा नियम असा, की अशा जागी टांगलेला चाळीस किलोंचा बोजा पुढच्या धुरीवर चाळिसाहून जास्त होऊन बसतो आणि तेवढीच मागची बाजू उचलली जाते. जोंगा रस्त्यावर उभी राहिली, की समोरच्याला वाकून नमस्कार करते आहे असं वाटायला लागलं. मिस्त्रीनं खाली डोकावून निदान केलं, "भाऊसाब, कमानी बैठ गई." एकेक पाटा वाढवला. नमस्कार थांबला, पण आता गाडी खड्ड्यात जायची तेव्हा खड्डा थेट काकूंच्या कंबरेपर्यंत पोचायचा. पाटे असतात भरलेल्या गाडीसाठी. गाडी रिकामी असली, की ते दबत नाहीत, नुसते उडवतात. काकांनी यातून काढलेला निष्कर्ष असा, की गाडी रिकामी आहे हाच दोष आहे.

म्हणून भरायला घेतली. मोठे टायर आले. ते जड, आणि त्यांचं वजन पाट्यांच्या खाली लोंबणारं, म्हणजे सगळ्यांत वाईट जातीचं. स्टिअरिंग फिरवायला दोन माणसं लागावीत अशी अवस्था झाली आणि ब्रेक दाबला, की गाडी जरा विचार करून थांबायला लागली. पेट्रोल जास्त लागतं म्हणून वीस-वीस लिटरचे दोन कॅन. एका कॅनमधलं पेट्रोल पंधरा किलो, वर पत्र्याचा कॅन वेगळा. ते ठेवायला छतावर लोखंडी जाळी. जाळी मोकळी राहिली म्हणून फावडं, कुऱ्हाड, उंच जॅक, वाळूत घालायच्या फळ्या आणि कधीच न उघडलेला तंबू.

गंमत म्हणजे काकांना यातलं सगळं कळतं. छतावरचा किलो आणि तळाशी ठेवलेला किलो सारखे नसतात, गुरुत्वमध्य वर गेला की उतारावर गाडी कलंडायला सोकावते, हे ते जिलबीच्या दोन्याच्या आधारानं कुणालाही समजावून देतात. काकूंनी एकदा शरबती गव्हाचं पोतं वर टाकायला सांगितलं, तर म्हणाले, "अगं, गुरुत्वमध्याचं काय?" पोतं हमालानं आणलं.

कायद्याचा विषय काढला, की काकांना कमी ऐकू येतं. गाडीत मूळ बनावटीबाहेरचे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं बुलबारविरुद्ध, म्हणजे असल्या पोलादी बंपरांविरुद्ध, राज्यांना लिहिलं आहे. काका म्हणतात, "बुलबार कुठाय? हे संरक्षण खातं आहे."

एवढी तयारी कशासाठी? तर हिवाळ्यात बरगीच्या धरणाकाठी जायचं म्हणून. तिकडे नर्मदेच्या खोऱ्याची काळी माती. ती वरून वाळलेली दिसते, आत लोण्यासारखी. मंडळी निघाली. पुढे एका पोराची जिप्सी होती, जेमतेम टनभर वजनाची, अंगावर एकही दागिना नसलेली. ती चिखलावरून निघून गेली. मागे काकांची जोंगा आली आणि सगळ्या सामानासकट शांतपणे खाली बसली. विंचचा दिवस उजाडला होता. दोर सोडला, हुक हातात घेतला, काकांनी चौफेर पाहिलं. झाड नव्हतं. शेवटी शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं छताकडे बघत विचारलं, "बड्डे, घर बदल रए का?"

हे मात्र लागलं. दुसऱ्याच आठवड्यात काका गाडी धर्मकाट्यावर घेऊन गेले. नुसती चढवली नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग पूर्ण गाडी, म्हणजे वजाबाकी करून मागचा भार कळतो. पद्धत अचूक होती. काट्यावरच्या पोरानं विचारलं, "माल क्या है?"

"माल नहीं, गाड़ी है."

"खाली गाड़ी?" पोरानं आकड्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि काट्याला खालून लाथ मारून पुन्हा वजन घेतलं. तेच आलं. चिठ्ठी काकांनी कुणाला दाखवली नाही, पण रात्री वही काढून बसले. काय काढता येईल? विंच काढता येत नाही, पुढच्या खेपेला झाड असेल. बंपर काढला, तर विंच कशावर बसवणार? जॅक तर टायर मोठे म्हणून लागतोच. कॅन सुरक्षेचे. तंबू नवा कोरा. रात्री उशिरापर्यंत वही चालली, आणि शेवटी गाडीत अनावश्यक ठरल्या त्या वस्तू अशा: काकूंची सतरंजी, काकूंचा थर्मास, लोणच्याची बरणी, एक छत्री आणि मागचं सीट.

"मग मी कुठं बसू?" काकूंनी विचारलं.

"पुढे बस ना."

"पुढे तुमची टूलकिट असते."

काका थोडा वेळ गप्प राहिले. "तू ई-रिक्षानं ये," ते म्हणाले, "नाहीतरी तुला जोंगात धक्के बसतात."

सीट निघालं. परवा काका मागच्या मोकळ्या जागेत टेप धरून काहीतरी मोजत होते. विचारलं, तर म्हणाले, बारा व्होल्टचा छोटा फ्रीज येतो म्हणे, बरोबर बसेल इथं. वेगळी बॅटरी लागते त्याला, पण सीट काढल्यामुळं तेवढी सूट आहे.